गाळपेरीच्या काठाला

"हलू नका!"

मागून आवाज आला आणि बुद्धप्रिया होती तिथंच थिजली. मैत्रिणी गप्पा मारत धरणाच्या भिंतीवरून केव्हाच पुढं गेल्या होत्या. ती पाण्याजवळ एकटी, पायाशी गुडघाभर गवत. तिनं ओठ न हलवता विचारलं,

"साप आहे का?"

"न्हाई हो. बदकं हायत."

"बदकं?"

"पट्टकादंब म्हणतात. हिमालयाच्या पलीकडून आलीत. तुम्ही हललात तर उडतील... उडाली."

उडालीच. सगळा थवा डोक्यावरून कलकलाट करत निघून गेला आणि तो मुलगा, गळ्यात दुर्बीण, तोंड उघडं, नुसता बघत राहिला. बुद्धप्रियाला रागही आला होता आणि हसूही.

"बदकांसाठी माझा जीव घेतला असता की हो तुम्ही!"

"चुकलं," तो म्हणाला. "मी सुदर्शन. लातूरला क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरांवर ओरडायची सवय हाय, म्हणून..."

"मी पोर नाही."

"ते दिसलं," असं म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

अशी ती ओळख. ती नांदेडची, तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मधे कितीतरी गावं आणि एसटीचे फाटे. पण नांदेड आणि लातूरच्या मधल्या मुलखात तळी पुष्कळ, आणि रविवार दर आठवड्याला येतोच. हिवाळाभर ती दोघं एकेक तळं धुंडाळत राहिली. ती एसटीनं यायची, तो मोटरसायकलवर. काठाकाठानं चालायचं, बोरं खायची, पाखरं ओळखायची. तो टिटवीला टिटवी म्हणायचा आणि ती मुद्दाम कावळा म्हणायची. हात धरायचा म्हटला तरी आधी चहूकडे बघायचं...

कारण खरं सांगायचं तर ती तळ्यांवर पाखरांसाठी जात नव्हती. तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही, म्हणून जात होती.

बुद्धप्रियाचे बाबा, आनंदराज, रेल्वेच्या ऑफिसात कामाला. शांत माणूस, मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता. मागं एकदा पेपरात बातमी आली होती. शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी तिच्यासारख्या बौद्ध घरातली, मुलगा सुदर्शनसारख्या मोठ्या जमिनीवाल्या घरातला. पुढं मुलीच्या घरच्यांचं काय झालं, तेही छापलं होतं. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जपून राहावं, बाई." त्या दिवसापासून तिच्या मनात भीती बसली ती बसलीच. प्रेमात पडल्यावर ती गेली नाही, उलट वाढली. मोटरसायकलचा आवाज आला की आनंद व्हायचा आणि लगेच रस्त्यावर आणखी कुणी आहे का, याकडे नजर जायची.

सुदर्शन मात्र निर्धास्त. निदान तसं दाखवायचा तरी.

"कामून इतकी भिऊन राहिलीस? मी हाय ना."

"तू हायस म्हणूनच भीती वाटते," ती म्हणायची.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा त्यानं हट्ट धरला. लहानपणी तू ज्या तळ्यात पोहलीस ते दाखव. ते तळं लोह्याच्या पुढं, तिच्या मामाच्या गावाला. ती आधी नाहीच म्हणाली. मग विचार केला, रविवारी लोह्याचा बाजार असतो, ग्यानोबामामा आणि पंचफुलामामी काकडी विकायला जातात, दुपारपर्यंत गावात कुणी नसतं. पंचफुलामामी म्हणजे अशी बाई की तिला एक गोष्ट कळली की संध्याकाळी ती देगलूरपर्यंत पोचलेली असते. ती बाजारात असली म्हणजे झालं.

तळं निम्मं आटलं होतं. पाणी असं मागं हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गावचे लोक काकडी, टरबूज लावतात. तिला गाळपेर म्हणतात. वेल हिरवेगार पसरले होते. त्यांच्या खाली भेगाळलेल्या काळ्या मातीचा पट्टा, आणि पलीकडे पाणी.

"थांब, तुझा एक फोटो काढतो," सुदर्शन म्हणाला.

"फोटो नको."

"तोंड येणार न्हाई. तिकडून काढतो, नुसती तू आणि मागं झाडं."

"तिकडं जाऊ नकोस, रुतशील. गाळ हाय तो."

"शेतकऱ्याच्या पोराला माती शिकवतेस व्हय?" तो हसला. "भेगा बघ केवढ्या पडल्यात. आतपर्यंत वाळलंय रान."

शेतात त्याचं खरं ठरलं असतं. काळ्या रानाला भेगा पडल्या की बैलगाडी घाला, काही होत नाही. पण तळ्याच्या पोटातला गाळ वरून भेगाळतो आणि आत लोण्यासारखा असतो. दोन-चार पावलं तो ऐटीत गेला. वळून हात हलवला. मग एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसराही गेला.

"अगं..." तो अजून हसतच होता. "खरंच की गं..."

"हलू नकोस! पाय झटकू नकोस, आडवा हो!"

पण घाबरलेलं माणूस हलतंच. हातातला फोन उडून गाळात गेला, तो धरायला हा वाकला आणि मांड्यांपर्यंत उतरला. हसू गेलं. चेहरा पांढरा पडला. बुद्धप्रिया पोटावर झोपली, सरपटत पुढं गेली, ओढणी फेकली. त्यानं टोक धरलं, तिनं जीव खाऊन ओढलं, पण तो येण्याऐवजी तीच पुढं घसरू लागली. गाळ त्याच्या कमरेला लागला होता. दोघांनाही आपापला श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात वर, वेलांपलीकडच्या खोपीतून धूर निघालेला तिला दिसला. धुरापाशी लाल लुगडं. मामी बाजाराला गेलीच नव्हती.

तिनं बघितलं आणि सुदर्शननं तिचं बघणं बघितलं.

"कोण हाय? ओळखीचं?"

"मामी..."

"तू झाडात जा," तो घाईनं म्हणाला. दात वाजत होते, तरी म्हणाला. "जा ना! तू गेल्यावर मी हाका मारतो. तू इथं आलीच न्हाईस."

बाबांचा घडी केलेला पेपर तिच्या डोळ्यांपुढं आला. झाडी अगदी जवळ होती. मग सुदर्शनचा एक हात गाळात गेला, आणि तिला पुढचं काही सुचलं नाही, काही आठवलं नाही. तिनं गळा फाटेस्तोवर हाक मारली.

"मामी! मामी गं, धाव! माणूस रुतलंय!"

पंचफुलामामी आली ती डोक्यावर बाज घेऊनच. काहीही न विचारता तिनं बाज गाळावर आडवी टाकली, स्वतः तिच्यावर पालथी पडली, हात लांब केला. "छाती टेक बाजंवर. पाय ओढू नको रे, गोल फिरव, हळू हळू. तू माझे पाय धर गं पोरी!" कितीतरी वेळ नुसता गाळाचा पचपच आवाज आणि मामीच्या शिव्या. गाळानं आधी एक पाय सोडला, मग दुसरा, चपला मात्र ठेवून घेतल्या.

काठावर आल्यावर तो हात-गुडघे टेकून धापा टाकत राहिला. मामीनं कमरेवर हात ठेवले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग भाचीकडे.

"कोण रे तू?"

"पाखरं बघायला आलतो, मावशी." त्यानं मान वर केली नाही. "ह्या बाई वाटेनं चालल्या होत्या. मी ओळखत न्हाई ह्यांना."

वाट मोकळी होती. बुद्धप्रियानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ती त्याच्या चिखलानं भरलेल्या पाठीकडे बघत राहिली.

"खोटं बोलून राहिला, मामी," ती म्हणाली. "माझा हाय तो. माझं प्रेम हाय त्याच्यावर."

मामीनं पदरानं भाचीचं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा.

"ते दिसलं मला. वळखीचा न्हाई त्या माणसापायी कुणी एवढं ओरडत नसतं. कुठलं हाय पोरगं?"

सुदर्शननं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. मामीचा हात थांबला.

"तुझ्या बापाशी मी बोलते, बुद्धप्रिया. ऐकंल तो. माझं भेव दुसरंच हाय." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तू घरी सांगितलंस का रे?"

त्यानं पाय जवळ ओढून घेतले.

"आईला तरी?"

हिवाळाभर "मी हाय ना" म्हणणारा हा माणूस खाली मान घालून नखातला गाळ काढत होता, आणि बुद्धप्रियाला कळलं की हा आपल्यापेक्षा जास्त भ्यालेला आहे. पहिल्या दिवसापासून. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, थोडा. पण त्याहून जास्त तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

तिनं आपला फोन पुढं केला.

"आत्ता?" तो म्हणाला.

"आत्ता न्हाई तर मी पुढच्या रविवारी येणार न्हाई. कुठल्याच तळ्यावर."

त्यानं हात गवताला पुसले. नंबर चुकला, पुन्हा लावला. तिनं फोन त्याच्या कानाशी धरला, म्हणून पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"कोण?" त्याच्या आईचा, गुणाबाईंचा आवाज.

"आई, मी. दुसऱ्याच्या फोनवरून. आई... एक सांगायचं होतं. एक मुलगी हाय. मला तिच्याशी लग्न करायचंय."

"हाव? कोनाची रे?"

त्यानं डोळे मिटले.

"बुद्धप्रिया नाव हाय तिचं. नांदेडची." मग पुन्हा म्हणाला, सावकाश, सगळी अक्षरं नीट ऐकू जातील असं, "बुद्धप्रिया, आई."

पलीकडे कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज. मामीसुद्धा फोनाजवळ सरकली.

"तितंच हाय का पोरगी?"

"हाव."

"फोन दे तिला."

बुद्धप्रियानं फोन आपल्या कानाला लावला.

"हॅलो... काकू..."

"भ्यालीस का, बाई?"

"हाव."

गुणाबाईंनी लांब श्वास सोडला.

"मी बी," त्या म्हणाल्या. "पन तू बोल. मी ऐकून राहिले."