पलीकडच्या रॅकवरची मुळं

खोटं वाटेल. वाटू दे. पण आमची पौर्णिमा थापा मारणाऱ्यातली नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही...

२००६ चा मे महिना. अमरावती. टळटळीत दुपार.

पौर्णिमा माझी आतेबहीण, पातूरची. घरी तीन वर्षं कपाशीनं दगा दिलेला. गावात कर्जापायी कधी कुणाच्या दारात मयताला माणसं जमतील, नेम नव्हता. त्यातून ही एकटी बाहेर पडली आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अश्वगंधेवर पीएचडी करू लागली. सहा वर्षं झाली होती. पोर पार थकली होती.

काम असं. काचेच्या फ्लास्कमध्ये, साखरेच्या पाण्यात, नुसती मुळं वाढवायची. वर झाड नाही, खाली माती नाही. अर्ध्या फ्लास्कमध्ये एका रसायनाचे थेंब टाकायचे. मुळाला वाटतं, आपल्यावर हल्ला झाला. मग घाबरून ते जीव वाचवायला औषधी द्रव्य जास्त बनवतं. उरलेल्या फ्लास्कमध्ये काहीच टाकायचं नाही. दोन्हींतला फरक दाखवला की झाली पीएचडी.

आधीच्या मुळांना बुरशी लागली होती. ही शेवटची. ही गेली तर पातूरची एसटी धरायची, बस्स.

मुळांना हवा लागते, म्हणून मशीन फ्लास्क सतत हलवत असतं. आणि त्या दुपारी लोडशेडिंग...

पंखा थांबला. मशीनची घरघर थांबली.

सोबत काम करणारा शाकीब, बाळापूरचा, म्हणाला, "तू हातानं हलवत राह्य. मी जनरेटरले डिझेल घेऊन येतो."

तो गेला. तिनं आतून कडी लावली.

एक फ्लास्क उचलायचा. गोल फिरवायचा. ठेवायचा. दुसरा उचलायचा. मशीनवरून उतरवून थेंबवाले टेबलावर ठेवलेले, बिनथेंबाचे पलीकडच्या रॅकवर. दोन्हीकडे हात पुरेनात. अंगाची लाही होत होती. टेबलाशी जरा टेकली...

आणि डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

चुळुक... चुळुक...

लाईट आलेली नव्हती. मशीन बंदच होतं.

पण पलीकडच्या रॅकवर... सगळ्या फ्लास्कमधलं पाणी गोल फिरत होतं. सावकाश.

तिच्या टेबलावरचं पाणी मात्र अगदी स्थिर.

खरं सांगायचं तर तिला आधी भीती वाटलीच नाही. बरं वाटलं. कुणी का असेना, आपल्या वाट्याचं काम केलं, एवढंच मनात आलं. डोळे भरून आले बिचारीचे.

मग पाणी हळूहळू थांबलं.

दार वाजलं. कडी काढली तर शाकीब, चिडलेला.

"दार काहून नाही उघडलं? दोनदा खिडकी वाजवली. रॅकपाशी पाठमोरी उभी राहून फ्लास्क हलवून राहिली होती. वळून पाह्यलं बी नाही!"

"मी तं झोपली होती रे..."

शाकीबनं खोलीभर नजर फिरवली.

"मंग कोण होतं?"

खोलीला दार एकच. खिडकीला गज.

मुळं जगली. सगळी.

काही दिवसांनी तपासणी झाली. थेंबवाल्या मुळांत द्रव्य वाढलं होतं, वाढायला हवं तेवढं.

बिनथेंबाच्या मुळांत... त्याच्या कितीतरी पट.

"तुझ्या हातून थेंब तिकडेही पडले असतील," सर म्हणाले. पुन्हा तपासलं. त्यांत रसायनाचा मागमूस नव्हता.

फरकच उलटा निघाला. सहा वर्षं पाण्यात गेली. पौर्णिमानं सामान बांधलं आणि पातूरची एसटी धरली. आता तिथल्या शाळेत शिकवते.

दिवाळीत भेटली तेव्हा मी समजूत काढायला म्हटलं, "जाऊ दे. जे कोणी होतं, त्यानं मदतच केली ना?"



"मले बी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण त्या मुळाईले मी काहीच टाकलं नव्हतं. मंग ते इतके कोणाले भ्याले?"