विस्तव मागायला आलेली

"इंदे, चुलीत निखारा राखून ठेव गं. कुनी इस्तव मागाया आलं तर नाय म्हनू नको. मी नसले तरी."

असं सांगणाऱ्या सासूबाई, सोनुबाई, जाऊन एकोणीस वर्षं झाली. इंदूबाईंनी त्यांना दिलेला शब्द एक दिवस मोडला नव्हता. सकाळी तुळशीला पाणी, चुलीला हळदकुंकू, आणि भाकऱ्या झाल्या की एक निखारा राखेत पुरून ठेवायचा. चौक गावाजवळच्या त्या घरात गॅस आला, तरी नेम चालूच राहिला.

मूळ गोष्ट जयवंतेची. पाच पिढ्यांमागे नवरा गेल्यावर ही बाई चार पोरं घेऊन घाट उतरली. साग-ऐनाचं रान तोडून तिनं पहिली भातखाचरं बांधली. पहिल्याच आषाढात झड लागली, चूल विझली आणि धाकटी मैना गारठून निळी पडली. आसपास माणूस नव्हतं. जयवंता मडकं घेऊन विस्तव शोधत भिजत फिरली. कुठल्याशा घरातल्या बाईनं तिला निखारे दिले. त्या बाईच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, एवढंच ती सांगायची. मैना वाचली. पुढे तिचा नवरा घरजावई आला आणि सगळं घराणं तिच्यापासून वाढलं. उघडीप झाल्यावर जयवंता त्या बाईची ओटी भरायला गेली, तर तिथं नुसतं रान.

इंदूबाईंच्या डाव्या मनगटावर लहानपणी बसलेला तव्याचा डाग होता. सोनुबाई मुलगी बघायला आल्या, तेव्हा त्यांनी चेहरा नंतर बघितला.

यंदा वैशाखात मुलानं, नवीननं, शेलूला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. जुनं घर पाडून तिथं गाळे काढायचे ठरले.

"आई, आता कोण येतंय विस्तव मागायला? आलंच तर लायटर देऊ," तो हसला.

इंदूबाईंनी दूध शिंपडून चूल शांत केली. राखेतला निखाराही विझला.

नव्या घरातल्या पाचव्या दुपारी त्या देवळातून परतल्या, तर दाराबाहेरच्या फरशीवर ओलं वर्तुळ होतं. कुणी भिजलेलं मडकं टेकवावं तसं.

"एक बाई आली होती," सून माधवी म्हणाली. "एवढ्या उन्हात नखशिखांत भिजलेली! विस्तव हाय का म्हणे. म्हटलं, मावशी, गॅस आहे, काडेपेटी देऊ का? तर शेगडीकडे बघतच राहिली. परत विचारलं, 'इस्तव नाय?' मी म्हटलं, नाही."

"नाही म्हणालीस?"

"मग काय म्हणू, आई?"

संध्याकाळी चार वर्षांची समिधा पांघरूण मागू लागली. पंखा बंद केला, दुलई घातली. बोटं गारच. सकाळी डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काहीच सापडलं नाही.

"आजी," आजीच्या कुशीत शिरत ती म्हणाली, "पाऊस कधी थांबणार गं?"

बाहेर ऊन रणरणत होतं.

नवीननं चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरला होता. त्याचीही नखं निळसर दिसत होती. इंदूबाईंनी माधवीचा हात धरून बघितला. ऊबदार होता. स्वतःचाही.

त्या दोघी या घराण्यात सुना म्हणून आलेल्या होत्या, मैनेच्या रक्ताच्या नव्हत्या.

इंदूबाई उठल्या. देवघराखालच्या चार गोवऱ्या त्यांनी पिशवीत भरल्या, काडेपेटी कनवटीला लावली.

"कुठं निघालीस, आई?" नवीनचे दात वाजत होते.

"आपल्या चुलीपाशी. बुलडोझरवाल्याला सांग, मी म्हणेपर्यंत घराला हात लावायचा नाही."

"सोमवारचं ठरलंय गं. आणि ती परत कशाला येईल?"

"पोर गारठलंय तिचं. येईल." त्यांनी समिधाच्या कपाळावर हात ठेवला. "तू हिला छातीशी धरून बस, बाळा. एसटी मिळेल मला."

दार ओढून त्या जिन्याशी आल्या.

प्रत्येक पायरीवर ओलं वर्तुळ होतं. काल दाराबाहेर होतं तसंच, न वाळलेलं. त्यावर पाय पडू न देता त्या एकेक पायरी उतरू लागल्या.

सगळ्यात खालच्या पायरीवरचं पाणी अजून पसरत होतं.