घटातली ज्वारी

पाचवी माळ चढली, तरी घटातली ज्वारी उगवली नव्हती.

"पारोश्या हातानं पाणी घातलंस व्हय गं?" मथुराआत्याने सगळ्यांदेखत कस्तुराला विचारले. घटाला पाणी घालायचे काम तिचेच होते. देवी कोपली, आता रान पिकणार नाही, अशी कुजबुज ईट नावाच्या त्या गावभर झाली. कस्तुरा जेवलीच नाही.

शाळेला दसऱ्याची सुट्टी होती. चुलतभाऊ महारुद्र आणि शेजारचा भीमाशंकर तिच्याबरोबर घटापाशी बसले. महारुद्र म्हणाला, "देवी कोपली, तर गहू कसा उगवला?"

खरेच की! गहू बोटभर वाढला होता. रुसली होती ती फक्त ज्वारी.

ती सरकारी पोत्यातली होती. निजामाच्या लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, घरोघरचे बियाणेही गेले, तेव्हा सरकारी गोदामाच्या कारकुनाने बियाणे म्हणून ही पोती दिली. गावचे पाटील असलेल्या कस्तुराच्या बब्रुवानकाकांनी ती न पाहताच गावात वाटली. आणि दोनच दिवसांनी पेरणी होती!

भीमाशंकरने पोत्यात नाक खुपसले. "पेवाचा वास येतोय. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात ज्वारी घामेजते. खायला चालते, पण उगवत न्हाय."

तिघांनी हे सांगताच काकांनी त्यांना हाकलले. सरकारी बियाण्याला नावे ठेवता का, म्हणाले.

मग मुलांनी दोन फडकी घेतली. एकात पोत्यातले दाणे बांधले, दुसऱ्यात आढ्याला शकुनाची म्हणून टांगलेल्या, लेव्हीतून वाचलेल्या कणसांतले. "दोन्हीला पाणी तूच घाल," महारुद्र कस्तुराला म्हणाला. तिने दोन्हींवर मोजून ओंजळभर पाणी शिंपडले. दोन्ही कुजली तर?

पेरणीच्या सकाळी बी पेरायची पाभर बैलांना जुंपली होती. कारकूनही हजर होता. काकांनी पाभरीच्या चाड्यात बियाण्याची मूठ सोडायला हात उचलला, तोच कस्तुरा बैलांपुढे उभी राहिली.

"काका, आधी हे बघा."

तिने फडकी सोडली. कणसांतल्या दाण्यांच्या फडक्यात पांढरे कोंब तरारले होते. पोत्यातल्या दाण्यांच्या फडक्यात नुसता चिकट, आंबूस लगदा.

"पेव फोडलं होतं," कारकून पुटपुटला. "ज्वारी ती ज्वारी. त्यात काय?"

"त्यात आमचं साल हाय!" काका गरजले. मग पाभरीवरचा हात काढून म्हणाले, "आधीच पोरांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

घरोघरची कणसे खाली उतरली. वाकड्या मानेची मालदांडी, टणक दाण्याची दगडी, हुरड्याची गुळभेंडी. कणसे पुरली नाहीत, सगळे रान काही पेरून झाले नाही. पण जे पेरले, ते पुढे उगवले.

पेरणीच्याच दिवशी संध्याकाळी आत्याने घटाच्या पाण्याचा तांब्या कस्तुराच्या हाती दिला. "चुकलं माझं, बाई. घाल पाणी. आणि पुढच्या घटाचं बी तूच निवड."