अस्तरातला टाका

शिंप्याने ब्लेडने कोटाचं अस्तर उसवलं, आत दोन बोटं घातली आणि घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. तपासनीस बाईंनी तो उलगडला. निघालं काय, तर इथल्याच वर्तमानपत्राचा अर्धा ताव. तारीख गेल्या आठवड्याची.

"हा तुमच्या अटकेचा हुकूम?"

दुभाष्याने प्रश्न सांगायच्या आधीच शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या एका कागदावर त्याचा आसऱ्याचा अर्ज उभा होता. कागद नाही तर परवाचं विमान, आणि विमानातून उतरलं की बंदूक. हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलायची पद्धत नव्हती.

"सीमा ओलांडण्याआधी मीच आत शिवला होता, बाई."

"मग अस्तर कुणी उसवून पुन्हा शिवलेलं कळलं नाही?"

शिंप्याने तुटका दोरा उजेडात धरला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"नाही कळलं. टाका माझ्यासारखाच आहे. गाठ नाही. तीन उलटे आणि चौथा तिरका. माझ्या वडिलांची पद्धत. आमच्या दुकानाबाहेर कुणी घालत नाही. वडील तर गेले."

दारात उभे असलेले मोठे साहेब हसले. "स्वतःच शिवायचं आणि स्वतःच डोळे विस्फारायचे! पाच वाजता फाईल बंद करा."

अठरा वर्षं रडगाणी ऐकून बाईंचं मन निबर झालं होतं. दयामाया फारशी उरली नव्हती. पण अर्धवट उत्तर मिळालं की त्यांना जेवण जात नसे. खोटारडा माणूस स्वतःविरुद्ध साक्ष कशाला देईल?

"गेल्या आठवड्यात कोट कुणाकुणाकडे होता?"

"दोघांकडे. निवाऱ्यात शेजारच्या खाटेवरचे मास्तर मुलाखतीला घालून गेले होते. रविवारी दादांनी धुवायला नेला. लॉन्ड्रीत असतात ते."

"दादा कोण?"

"ओळखीचे." उत्तर जरा घाईचं होतं.

मास्तर आले. बाईंनी सुई-दोरा पुढे केला. "ओवा."

मास्तरांचे हात लटलट कापत होते. दोरा नेढ्याला शिवलासुद्धा नाही.

"तुरुंगात बोटं मोडली माझी. अर्जात लिहिलंय ते," मास्तर म्हणाले. "तुम्ही लोक वाचता तरी का?"

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लॉन्ड्रीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. उजव्या कफचं एक बटण वेगळ्या रंगाचं.

"अस्तर उसवलंत?"

"छे हो. मला सुई धरता येत नाही."

"घरी कोण असतं?"

"बायको आणि दोन लहान मुली. बायको वर्षभर अंथरुणाला खिळलीय. चुलीपासून कपड्यांपर्यंत सगळं मीच बघतो."

"आसरा केव्हा मिळाला?"

"सहा वर्षं झाली."

"इथे सही करा."

त्याने हात लांब केला. बाईंनी सहीपेक्षा कफकडे जास्त पाहिलं. मग त्या दफ्तरखान्यात गेल्या आणि साडेचारला एक धुळकट फाईल घेऊन परतल्या. शिंपी, लॉन्ड्रीवाला आणि दुभाषा, तिघांना त्यांनी समोर बसवलं.

"टाका एकाच घरातला," त्या म्हणाल्या. "वडील गेले. शिंप्याने कागद लपवला असता तर टाका माझ्या घरचा आहे, असं कशाला सांगितलं असतं? आता या गृहस्थांच्या कफचं बटण बघा. आतून गाठ नाही. तीन उलटे, चौथा तिरका. आणि म्हणे सुई धरता येत नाही! चोरी करताना त्यांनी मुद्दाम तसं शिवलं नाही. हाताला दुसरं येतच नाही."

"पण कागद चोरायचा कशासाठी?" दुभाष्याला राहवलं नाही.

बाईंनी फाईल उघडली. "यांचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज. 'वडिलांच्या शिलाईच्या दुकानातून शिपायांनी माझ्या धाकट्या भावाला नेलं आणि गोळ्या घातल्या. आता पाळी माझी.' तेव्हा धाकट्याला कुणी हातही लावला नव्हता. त्याच्या मरणावर यांना आसरा मिळाला, आणि तोच मेलेला भाऊ गेल्या महिन्यात चालत इथे आला. नातं सांगू नकोस म्हणून त्याला बजावलं. तरी तो इथे राहिला तर आज ना उद्या दोन्ही फायली शेजारी आल्या असत्या. परत गेला, तर तिकडे त्याला मारतील. म्हणजे यांचा अर्ज खरा."

लॉन्ड्रीवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"माझा भाऊ मेला. याला मी ओळखत नाही."

शिंप्याने मान खाली घातली. त्याला रडू कोसळलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

"एकाने तरी नातं कबूल केलं तर रक्त तपासता येतं," बाई त्याला म्हणाल्या. "मग कागद यांनीच काढला हे ठरेल आणि विमान थांबेल. लिहून द्या, हा माझा भाऊ."

"आणि त्यांचं?"

"खोटा अर्ज. चौघंही परत."

"मुलीसुद्धा?"

"चौघं म्हणजे चौघं."

शिंपी बराच वेळ दादाकडे पाहत राहिला. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. पाचला सात मिनिटं होती.

"लिहा, बाई. मला भाऊ नाही."

बाईंनी तसं लिहिलं, आणि पाच वाजता फाईल बंद केली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शिंप्याने मास्तरांपुढे केलेली सुई टेबलावरून उचलली आणि लोंबणारं अस्तर शिवायला घेतलं. लॉन्ड्रीवाला उठून दाराशी गेला. तिथे क्षणभर थांबला.

"दुहेरी दोरा घे," तो म्हणाला. "आत्ता तिकडे थंडी असेल."