छावणीचं मागचं फाटक

"आज दुपारी. राखणदार झोपला की," मुक्ताचा वर्गमित्र भारत कुजबुजला.

तिनं नुसती मान हलवली. चार दिवस झाले, तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. ना भूक, ना राग. शाळेला सुट्टी लागली होती, त्याचंही नाही.

चार दिवसांपूर्वी पालीच्या दुष्काळी चारा छावणीतून एक कालवड निघून गेली आणि छावणी चालवणाऱ्या संस्थेचे सचिव माणिकराव यांनी खापर सुंदरअक्कावर फोडलं. अक्का म्हणजे मुक्ताची मोठी बहीण, चोवीस वर्षांची. तिला गोष्टी उशिरा समजत, पण बीडच्या कार्यशाळेत शिकलेलं काम ती कधी चुकत नसे. छावणीत ती जनावरांना पाणी दाखवायची. "तिला काय कळतंय? तिनंच फाटक उघडं टाकलं असंल," म्हणत माणिकरावांनी तिला घरी बसवलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसून होती.

भर दुपारी दोघं कडब्याच्या गंजीआड लपले. टँकर आला. राखणदार गहिनीनाथनं मागचं फाटक उघडलं. टँकर रिकामा होऊन गेला, तरी फाटक तसंच ठेवून तो लिंबाखाली आडवा झाला.

"कालवड अशी गेली बघ," भारत म्हणाला. "पण आपलं कोण ऐकतंय?"

"ऐकतील."

मुक्ता उठली. तिनं गहिनीनाथचीच गाय सोडली, त्याच्या पायाजवळून फाटकाबाहेर नेली आणि ओढ्याकाठच्या बाभळीला बांधली. तिची छातीसुद्धा धडधडली नाही.

तासाभरात गहिनीनाथची ओरड सुरू झाली. माणिकराव धावत आले. "फाटक कुणी उघडं टाकलं बे?"

"त्या सुंदरनं," गहिनीनाथ सवयीनं बोलून गेला.

"अक्का चार दिवस घरी हाय. तुमीच बसवलंय," मुक्ता म्हणाली. "गाय मी नेली. झोपलेल्या गहिनीनाथमामांच्या पायाजवळून, उघड्या फाटकातून."

संध्याकाळी माणिकराव घरी आले. "पोरं लई हुशार हायत," ते आईला म्हणाले. शेजारच्या केशरबाईंनीही मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी उघडलं नव्हतं," भिंतीकडून अक्का म्हणाली. "मला कावून न्हाई इचारलं कुणी?"

मुक्ताची मान खाली गेली. भारतबरोबर तिनं छावणीभर चौकशी केली होती. अक्काला एकदाही विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं, पोरी," माणिकराव म्हणाले. "उद्या येशील कामाला?"

अक्काला विचार करायला वेळ लागला. या वेळी तिच्यासाठी दुसरं कुणी बोललं नाही.

"येईन. पण आधी समद्यांना सांगा, मी उघडलं नव्हतं."

"सांगतो की."

"आत्ता," अक्का म्हणाली. चपला घालून ती छावणीच्या वाटेला लागली आणि माणिकराव तिच्या मागून चालू लागले.