इंद्रजीतच्या नावाचं खातं

गुलमंडीजवळच्या बँकेच्या शाखेत भर दुपारी वीज गेली. फायलींचा गठ्ठा उराशी धरून योगिनी घाईघाईनं वळली आणि थेट कुणावर तरी आदळली. फायली फरशीभर पसरल्या.

"अहो, दिसत नाही का?" ती करवादली.

"नाय दिसत," समोरचा तरुण हसून म्हणाला. "पाच वर्षांचा व्हतो तवापासून. पण तुमाला तर दिसतंय ना, मॅडम?"

योगिनीनं वर पाहिलं. हातात पांढरी काठी, निळा इस्त्रीचा शर्ट, गालाला खळी... तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा... खरंच—"

"माफी ऱ्हाऊ द्या. खातं उघडून द्या."

त्याचं नाव इंद्रजीत. मागच्याच गल्लीत त्याचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडं यायच्या. कमाई मात्र थोरल्या भावाच्या खात्यात जायची. "भाऊ लई चांगला हाय," तो म्हणाला. "पण आईला लुगडं घ्यायचं तरी त्याला इचारावं लागतं."

मॅनेजर साहेबांनी ऐकून नकारार्थी मान हलवली. "भावाला घेऊन या, दोघांच्या नावानं काढू. एटीएम कार्ड मात्र मिळणार नाही. उद्या कुणी फसवलं तर?"

इंद्रजीत काठी टेकत उठला. दारापर्यंत गेला, तेव्हा त्याचे खांदे पडलेले होते.

योगिनी वैजापूरकडच्या धनगराची लेक, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पहिली नोकरदार. साहेबांपुढं तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक शोधलं, छापलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"सर... दिसत नाही म्हणून स्वतंत्र खातं किंवा कार्ड नाकारता येत नाही. इथं लिहिलंय."

साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मला ठाऊकच नव्हतं गं," ते हळूच म्हणाले. "बोलव त्यांना."

खातं त्याच्या एकट्याच्या नावानं उघडलं, आणि पंधरा दिवसांनी कार्ड आलं. बाहेरच्या एटीएमला इअरफोन कुठं लावायचा, ते योगिनीनं दाखवलं. मशीन कानात बोलू लागलं, तसा तो दचकला.

"आत बाईमाणूस बोलतंय की!"

"पिन टाका. मी बघत नाही."

"पाठ फिरवली व्हय? आवाज तिकडून आला."

"नियम आहे तसा."

"तुमी बघितलं तरी चाललं असतं—"

"इंद्रजीत, पिन!"

पाचशेची नोट बाहेर आली. तिच्यावरून तो कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिला. "कुणाला न इचारता..." म्हणत त्यानं ती घडी करून खिशात जपून ठेवली. योगिनीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या शाखेला पेढे वाटले. मग दर शुक्रवारी यायला लागला.

"शिल्लक सांगा, मॅडम."

"ती तर मशीनच सांगतं की!"

"मशीनला हसू कुठं येतं?"

आणि योगिनीला हसू येई... शुक्रवारी ती मोगऱ्याचा गजरा माळू लागली. "आज शुक्रवार हाय, माझ्या नाकालाबी कळतंय," तो म्हणाला, तेव्हा तिनं चुकीच्या पावतीवर शिक्का मारला.

अन् मग तीन शुक्रवार तो आलाच नाही. चौथ्या शुक्रवारी संध्याकाळी बँक सुटल्यावर ती त्याच्या गल्लीत शिरली. तो उघड्या पेटीवर वाकून एकच सूर पुन्हापुन्हा तपासत होता.

"मोगरा..." त्याचा हात थांबला. "मॅडम?"

"आमच्या बँकेवर राग आहे का?"

"नाय वो." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "भाऊ म्हणला, त्या पोरीनं उपकार केले, तू त्याला दुसरंच काय समजू नको. तुमच्या मनात निस्ती दया असती तर... ती सोसली नसती. अन् आमची जात येगळी, तुमची येगळी."

"दया?" योगिनी लाकडी बाकावर टेकली. "त्या दिवसापर्यंत मी साहेबांपुढं मान वर करून बोलले नव्हते. तुमच्यासाठी बोलले आणि मला माझाच आवाज सापडला. आता कुणाचं काम अडलं की सगळे मला हाक मारतात. उपकार तुमचे आहेत माझ्यावर."

"मंजी आपण दोघं फक्त उपकाराचेच?"

"नाही," ती अगदी हळू म्हणाली. "आभार तर पहिल्या पेढ्यातच फिटले. त्यापुढचे शुक्रवार... आभाराचे नव्हते."

त्याच्या गालाला ती खळी पडली.

"घरी?"

"घरी मी बोलेन. आबा आधी चिडतील, मग ऐकतील."

बाहेर अत्तराच्या दुकानांतले दिवे लागत होते. इंद्रजीतनं हात पुसले आणि उजवा हात पुढं केला.

"हात देता? रस्ता दाखवायला नको," तो म्हणाला, "असाच."

योगिनीनं दिला.