भोंग्यावरची उत्तरे

टेंभुर्णीच्या बसथांब्यासमोरील झेरॉक्सच्या दुकानात तृप्तीने पाऊल ठेवले आणि तिला जरा गारवा मिळावा, या निर्मळ हेतूने दुकानदाराने पंखा सुरू केला. परिणाम असा झाला, की तिच्या हातातील कागद पाखरांच्या थव्यासारखे उडाले आणि थेट रसवंतीपर्यंत पसरले.

"अहो, काय केलंत हे!"

"मॅडम, तुम्हाला घाम आल्ता म्हणून..." असे म्हणत तो तरुण कागद वेचीत धावला. शेवटच्या कागदावर दोघांचे हात एकाच वेळी पडले. त्याने डोळे वर केले. ते डोळे इतके निष्कपट होते, की तृप्तीला धड रागावताही येईना... आणि त्याचाच तिला अधिक राग आला.

त्याचे नाव हरिओम. तृप्ती जालन्याच्या महाविद्यालयात नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. शेतात राबणाऱ्या बायकांना सर्पदंशावरील प्रथमोपचाराची किती माहिती आहे, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आधी प्रश्न विचारायचे, मग शिकवायचे, आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि ज्ञान किती वाढले ते दाखवायचे, अशी ती रीत होती. हे सारे महिनाअखेर झाले नाही, तर पदवी सहा महिने लांबणार होती.

प्रश्नपत्रिकेच्या आणि सोबतच्या उत्तरांच्या प्रती काढताना हरिओमने त्यांचे अक्षर न् अक्षर वाचले.

दोन दिवसांनी तृप्ती मंदिराच्या ओट्यावर बायकांना घेऊन बसली.

"मावशी, साप चावला तर सगळ्यात आधी काय करायचं?"

गोजरबाईंनी पदर सावरला. "हालू द्यायचं न्हाई. दोरी आवळायची न्हाई. चिरा द्यायचा न्हाई. जल्दी दवाखान्यात न्यायचं."

दुसरीने तेच सांगितले. तिसरीने तर प्रश्न संपण्याआधीच सांगितले. तृप्तीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"आपला हरिओम! कालपासून भोंग्यावर सांगून राह्यला. अन् म्हणला, मॅडमची परीक्षा हाय, गावाची इज्जत राखा!"

तृप्तीने प्रबंधाच्या मार्गदर्शक अरुंधती मॅडमना फोन लावला. "तृप्ती, यांना सगळंच येतंय, तर तू शिकवणार काय गं? दुसरं गाव शोध."

ती तडक दुकानात शिरली. "माझं वर्ष बुडवलंत तुम्ही!"

"पण... सगळ्या पास झाल्या न्हाई का?"

"त्यांनी आधी नापासच व्हायला हवं होतं!"

हरिओमचा चेहरा कोमेजला. मग तो हळूच म्हणाला, "धावड्याला नेतो. तिथं माझा भोंगा पोचत न्हाई."

"एका अटीवर. माझा शेवटचा प्रश्न संपेपर्यंत त्या गावात तोंड उघडायचं नाही."

"बिलकुल!"

धावड्याच्या बायका मनमोकळेपणे चुकल्या. कुणी मांत्रिकाचे नाव घेतले, कुणी ब्लेडचे. प्रत्येक चुकीला हरिओम जागच्या जागी तळमळे. अखेर त्याने तोंडात रुमाल कोंबला. ते पाहून तृप्तीला हसू आवरेना... आणि वाटले, या वेड्या माणसाने आपल्यासाठी अख्ख्या गावाकडून उत्तरे पाठ करवून घेतली होती!

शिकवून झाल्यावर आठवड्याने दोघे पुन्हा आले. उत्तरे भराभर बरोबर येऊ लागली. शेवटी एकट्या उषाबाई राहिल्या.

"पोरी, आधी माझं उत्तर दे. हा मुका तुझा कोण?"

"तो मुका नाही..."

"नवरा का?"

"नाही हो!"

"मंग भाऊ असंल."

"छे!"

तो 'छे' इतक्या घाईने निसटला, की सगळ्या बायका खो-खो हसल्या. तृप्तीने आशेने हरिओमकडे पाहिले. त्याने ओठांवर बोट ठेवले — शेवटचा प्रश्न अद्याप बाकी होता ना!

"अहो, आता तरी सांगा काही!"

त्याने नकारार्थी मान हलवली. मात्र त्याचे कान लालबुंद झाले होते.

"होणार आहे!" तृप्ती वैतागून ओरडली. "नवरा होणार आहे! त्याने विचारलं नाही अजून, पण... झालं समाधान?"

"झालं!" उषाबाई म्हणाल्या. "आता इचार जल्दी. लेकराचा जीव गुदमरून राह्यला."

तृप्तीने भराभर प्रश्न विचारले. उषाबाईंनी एकूण एक बरोबर सांगितले. तिने पेन बंद केले.

"संपलं?" हरिओमने विचारले.

"संपलं. आणि आता तुम्ही बोलायचं काय उरलंय?"

"थोडंच..." तो म्हणाला, "जालन्याला तुमच्या बाबांकडं कधी येऊ?"

"परवा," ती म्हणाली. "आणि तिथे मात्र गप्प बसायचं नाही!"